मुका माज : ताणाची संप्रेरके आणि गाभण न राहणारी गाय

परभणी जिल्ह्यात गंगाखेडच्या दक्षिणेला गोदावरीचे खोरे मागे पडते आणि बालाघाटाची उंचसखल, मुरमाड जमीन सुरू होते. राणीसावरगाव याच भागातले. पावसाने ओढ दिली की येथे पहिली चणचण पाण्याची आणि दुसरी कडब्याची. अशा भागात जनावर हे शेतकऱ्याचे फिरते भांडवल असते. पीक बुडाले तरी दुधाचा चार पैशांचा आधार राहतो, आणि तोही न पुरल्यास दावणीचे जनावर बाजारात उभे करता येते. म्हणूनच गाय वेळेवर गाभण राहते की नाही, या प्रश्नाला येथे केवळ पशुवैद्यकीय महत्त्व नाही. त्यावर घरचे वर्षभराचे गणित अवलंबून असते.

हे गणित अनेकदा अगदी शांतपणे बिघडते. गाय खाते-पिते, अंगाने बरी दिसते, पण माजावर येत नाही. किंवा येते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. किंवा माज दिसतो, कृत्रिम रेतन केले जाते आणि तीन आठवड्यांनी गाय उलटते. दोन-तीन वेळा असे झाले की ती ‘वांझ’ ठरते आणि तिची रवानगी बाजारात होते. यातील काही गाई खरोखरच सदोष असतात. काहींच्या गर्भाशयात जंतुसंसर्ग असतो, काहींना खनिजांची कमतरता असते. मात्र अनेक गाईंच्या बाबतीत दोष इंद्रियांत नसून परिस्थितीत असतो. ऊन, उपासमार, लंगडेपणा, भीती, प्रवास, अनोळखी कळप या गोष्टी जनावराच्या शरीरात एका ठरावीक रासायनिक वाटेने प्रजननापर्यंत पोहोचतात. ही वाट कोणती, याचा शोध गेली सुमारे नव्वद वर्षे सुरू आहे.

दोन साखळ्या, एक उगम

‘ताण’ या शब्दाला शरीरशास्त्रात आजचा अर्थ मिळाला तो हान्स सेल्ये यांच्यामुळे. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे काम करणाऱ्या या शास्त्रज्ञाचे टिपण 1936 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. थंडी, इजा, अतिश्रम, विषारी द्रव्य अशा परस्परांशी संबंध नसलेल्या त्रासांना उंदराचे शरीर एकाच पद्धतीने तोंड देते, असे त्यांनी दाखवले. त्यांना आढळलेल्या ठळक खुणांपैकी एक होती मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींची वाढ.

या ग्रंथींपर्यंत आदेश पोहोचतो तो मेंदूतून. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा छोटा भाग सीआरएच नावाचे संप्रेरक सोडतो. त्याने पीयूषिका ग्रंथी जागी होते आणि एसीटीएच हे दुसरे संप्रेरक रक्तात येते. रक्तावाटे ते अधिवृक्क ग्रंथींपर्यंत गेले की तेथून कॉर्टिसॉल पाझरू लागते. ॲड्रिनॅलिनचे काम याहून झटपट चालते. कुत्रे अंगावर आले की गाय उसळते, ती काही क्षणांत. कॉर्टिसॉल मात्र मिनिटांच्या हिशेबाने वाढते आणि बराच काळ टिकते. शरीरातील साठवलेली शक्ती मोकळी करून संकटाला पुरवणे, हे त्याचे काम.

प्रजननाची साखळीही याच हायपोथॅलॅमसपासून सुरू होते. तेथून जीएनआरएच हे संप्रेरक अखंड धारेने नव्हे, तर ठोक्याठोक्याने सुटते. याचा शोध लावणाऱ्या रॉजर गिलमन आणि अँड्र्यू शॅली यांना 1977 मध्ये नोबेल पारितोषिक देण्यात आले. जीएनआरएचच्या प्रत्येक ठोक्यासरशी पीयूषिका ग्रंथी एलएच हे संप्रेरक सोडते. एलएचच्या तालावर अंडाशयातील पुटक वाढते, वाढते पुटक इस्ट्रोजेन बनवते आणि इस्ट्रोजेनची पातळी पुरेशी चढली की दोन गोष्टी जवळपास एकाच वेळी घडतात. गाय माजाची वर्तणूक करू लागते आणि एलएचची मोठी लाट उसळते. या लाटेनंतर सुमारे एक दिवसाने पुटक फुटून स्त्रीबीज बाहेर पडते.

दोन्ही साखळ्यांचा उगम एकच आणि पीयूषिका ग्रंथीही सामाईक. सगळा गुंता येथेच आहे. ताणाची साखळी जोरात चालली की प्रजननाच्या साखळीचे ठोके मंदावतात. सीआरएच, मेंदूतच तयार होणारी अफूसदृश द्रव्ये आणि कॉर्टिसॉल ही तिन्ही मिळून जीएनआरएचच्या ठोक्यांची गती कमी करतात. शिवाय कॉर्टिसॉल पीयूषिकेची त्या ठोक्याला प्रतिसाद देण्याची तयारीही घटवते. परिणामी पुटक वाढते, पण पुरते पक्व होत नाही. इस्ट्रोजेन तयार होते, पण अपुरे. एलएचची लाट येते ती उशिरा, किंवा येतच नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संकुलात स्टोबेल आणि मोबर्ग या संशोधकांनी 1982 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गाईंना एसीटीएच आणि कॉर्टिसॉल बाहेरून देऊन नेमके हेच तपासले होते. एलएचच्या लाटेत त्यामुळे अडथळा येतो, असे त्यांना दिसले. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथे हिलरी डॉब्सन आणि रॉबर्ट स्मिथ यांनी मेंढ्यांना ऐन माजाच्या सुमारास वाहनातून फिरवून पाहिले. वाहनातल्या त्या प्रवासाने एलएचची लाट लांबणीवर पडत असल्याचे त्यांच्या कामातून पुढे आले.

वर्तणूक वेगळी, बीज वेगळे

गोपालकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब अशी की, ताण केवळ अंडाशयावर काम करत नाही, तो थेट वर्तणुकीवरही काम करतो. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात गाईंना माजावर आणण्यासाठी इस्ट्रोजेन देण्यात आले आणि त्याच्या जोडीने एसीटीएच टोचण्यात आले. इस्ट्रोजेन बाहेरून मिळत असूनही माजाची लक्षणे दबली. याचे एक स्पष्टीकरण असे की अधिवृक्क ग्रंथी केवळ कॉर्टिसॉल बनवत नाहीत. एसीटीएचचा मारा झाला की त्यांतून थोडे प्रोजेस्टेरॉनही बाहेर पडते. प्रोजेस्टेरॉन हे गाभणपण टिकवणारे संप्रेरक. ते रक्तात असताना माजाची वर्तणूक होऊ नये, हीच निसर्गाची योजना आहे. ताणातल्या गाईला त्याची चुकीच्या वेळी मिळालेली छोटी मात्रा माज झाकून टाकण्यास पुरते.

ग्रामीण भाषेत ज्याला ‘मुका माज’ म्हणतात, त्याचे एक मूळ येथे सापडते. मुक्या माजात पुटक फुटते, बीज बाहेर पडते, आत सर्व काही वेळेवर घडते, पण बाहेर काही दिसत नाही. गाय हंबरत नाही, दुसऱ्या जनावरावर उडत नाही, दुसऱ्याला अंगावर उडू देत नाही. सोट दिसला तर दिसतो, तोही शेपटीला वाळून गेलेला. म्हशीत हा प्रकार अधिक. उन्हाळ्यात तर मुका माज हाच तिचा नेम असतो.

माजाचे चक्र साधारण 21 दिवसांचे, 18 ते 24 दिवसांच्या दरम्यान. माज टिकतो तो विदेशी रक्ताच्या गाईंत 12 ते 18 तास. देशी गोवंशात बहुधा त्याहून कमी, दहा तासांच्या आसपास. म्हणजे 500 हून अधिक तासांच्या चक्रात नोंद घेण्याजोगी वेळ जेमतेम दहा तास, आणि त्यातला बराचसा भाग रात्री किंवा पहाटे. ताणाने ही मुदत निम्म्यावर आणली, तर सकाळी दूध काढून शेतावर गेलेल्या आणि दिवेलागणीला परतलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागणार नाही. चुकलेल्या प्रत्येक माजाची किंमत पुढचे 21 दिवस. दिवसाला सहा-सात किलो कोरडा चारा खाणारी मध्यम आकाराची गाय तेवढ्या काळात सव्वा ते दीड क्विंटल कडबा संपवते. दुष्काळी वर्षात हा कडबा विकत घ्यावा लागतो.

माज दिसला, तरी ताणातल्या गाईच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी रेतन आणि संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या सकाळी, हा नियम जगभर रूढ आहे. माज सुरू झाल्यापासून सुमारे 24 ते 32 तासांनी बीज सुटते, हे त्यामागील गृहीतक. गर्भाशयात शुक्राणू साधारण एक दिवस तग धरतात आणि सुटलेले बीज त्याहूनही थोडे तास. एलएचची लाटच उशिरा आली तर बीज सुटेपर्यंत शुक्राणूंची मुदत संपलेली असते. रेतमात्रा चांगली, रेतन करणारा कुशल, वेळ नियमाप्रमाणे. तरीही गाय उलटते. दोष मग कधी रेतमात्रेला लागतो, कधी रेतन करणाऱ्याला, कधी गाईच्या नशिबाला.

बीज सुटलेच नाही, तर पुटक तसेच वाढत राहून त्याची गाठ बनू शकते. अशी गाय कधी महिनोन् महिने माजावर येत नाही, तर कधी अवेळी, वरचेवर माजावर येते.

मराठवाड्याचे ऊन

राणीसावरगावच्या परिसरात ताणाचे सर्वांत मोठे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. एप्रिल-मेमध्ये परभणी जिल्ह्यात पारा 42 अंशांच्या वर जाणे ही बातमी राहिलेली नाही. गाईच्या शरीराचे सर्वसाधारण तापमान 38.5 अंश सेल्सिअस. भोवतालचे तापमान त्याच्या वर गेले की शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यास घाम आणि धाप हे दोनच मार्ग उरतात. गाय धापा टाकते, चारा कमी खाते, सावलीत उभी राहते आणि हालचाल टाळते. माजाची वर्तणूक ही हालचालीचीच बाब असल्याने ती आपोआप आखडते.

येथे संप्रेरकांचे चित्र वाटते तितके सरळ नाही. अचानक उष्णता वाढली की कॉर्टिसॉल चढते. पण ऊन दिवसेंदिवस टिकले की शरीर स्वतःची उष्णता निर्मिती कमी करण्याच्या मागे लागते आणि कॉर्टिसॉलची पातळी पूर्ववत होते, कधी तर नेहमीपेक्षाही खाली जाते. प्रजनन मात्र तरीही मंदच राहते, कारण कमी खाण्यामुळे आलेली शक्तीची तूट, गर्भाशयाचे वाढलेले तापमान आणि इस्ट्रोजेनची घट आपापले काम करतच असतात. तेव्हा केवळ रक्तातील कॉर्टिसॉल मोजून ‘या गाईला ताण नाही’ असा निर्वाळा देणे धाडसाचे. त्यातच सुई टोचण्यासाठी गाईला धरणे हीच एक ताणाची घटना असते. म्हणून अभ्यासक आता दूध, शेण आणि केस यांतील अंशही तपासतात. केसात मागच्या काही आठवड्यांचा हिशेब साठलेला असतो.

उन्हाचा हिशेब उन्हाळ्याबरोबर संपत नाही, ही गोष्ट गोपालकांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही. पुटक तयार होण्यास अनेक आठवडे लागतात. मे महिन्यात उष्णतेने इजा झालेले बीज जुलै-ऑगस्टमध्ये पुढे येऊ शकते. वळूची गोष्टही तशीच. त्याच्या वृषणात शुक्राणू तयार होण्यास सुमारे दोन महिने लागतात आणि मेमधील उष्माघाताचा परिणाम पावसाळ्यातील रेतावर दिसतो. हिरवा चारा आला, हवा गार झाली, तरी गाय गाभण का राहात नाही, या प्रश्नाचे उत्तर कधीकधी दोन महिने मागे असते. फळलेल्या गाईचे पहिले काही दिवस तर सर्वांत नाजूक. या काळात गर्भ काही पेशींचा असतो आणि मातेच्या तापमानातील थोडी वाढही त्याला सोसत नाही. रेतनासाठी गाईला भर दुपारी डांबरी रस्त्यावरून चालवत नेणे यामुळेच नुकसानीचे ठरते.

म्हशीची कातडी काळी आणि घर्मग्रंथी विरळ. डुंबण्यास पाणी नसेल तर तिची अवस्था गाईहून बिकट. उन्हाळ्यात म्हशींमध्ये प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची पातळी वाढते आणि त्याचाही माजावर प्रतिकूल परिणाम होतो. बहुतेक म्हशी पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत वितात, त्यामागे हे ऋतुचक्र आहे.

लाल कंधारी, देवणी आणि संकरित

निसर्गाने या भागाला दोन काटक गोवंश दिले आहेत. नांदेड जिल्ह्यातील कंधारचे नाव लावणारी गडद तांबडी लाल कंधारी आणि लातूरकडची देवणी. वानेरा, बाळंक्या आणि शेवरा असे देवणीचे तीन प्रकार रंगावरून ओळखले जातात. दोन्ही जाती परभणी जिल्ह्यातही सांभाळल्या जातात, आणि नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत त्यांचे देखणे नमुने पाहायला मिळतात. सैल कातडी, आखूड केस आणि कमी खाण्यावर भागवण्याची सवय यांमुळे या गाई उष्णतेला अधिक काळ तोंड देतात. पण त्यांचा माज मुळातच अल्पकाळ टिकणारा आणि सौम्य. शिवाय स्वभाव थोडा बुजरा. अनोळखी माणूस जवळ आला की बावरणारा.

दुधासाठी परभणीत संकराचाही प्रयोग झाला. येथील कृषी विद्यापीठाची स्थापना 1972 ची. 2013 पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. होल्स्टीन फ्रिजियन आणि देवणी यांच्या संकरातून ‘होलदेव’ ही गाय विद्यापीठाच्या संकरित गोपैदास प्रकल्पात सांभाळण्यात आली. परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 2000 मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. संकरित गाईत दूध वाढते, पण तिच्या शरीरातील उष्णतेची निर्मितीही वाढते. वायव्य युरोपच्या गार हवेत घडलेले रक्त बालाघाटाच्या उन्हात आणायचे, तर सावली, पाणी आणि पंख्याचा खर्च त्यासोबत येतोच. तो टाळून केवळ दुधाचे आकडे पाहणाऱ्यांना गाय ‘उलटण्या’चे आकडेही पाहावे लागतात.

वितल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत अधिक दूध देणाऱ्या गाईला खाण्यातून मिळते त्याहून जास्त शक्ती दुधातून बाहेर जाते. या तुटीच्या काळातच तिने पुन्हा माजावर यावे, अशी अपेक्षा असते. देशी गाईत वेगळी अडचण. ती वासराशिवाय पान्हा सोडत नाही. वासरू सारखे लुचत राहिले की मेंदूतील अफूसदृश द्रव्ये एलएचचे ठोके दाबून ठेवतात आणि माज लांबतो. वासराला दिवसातून दोनच वेळा सोडल्यास माज लवकर येतो, असे अनुभव आणि प्रयोग दोन्ही सांगतात. वासरू दगावले तर प्रश्न उलटा होतो; गाय पान्हा चोरते. पेंढा भरलेले वासरू पुढे ठेवून दूध काढण्याची जुनी रीत त्यातूनच आली. पान्हा सोडण्याचे काम ऑक्सिटोसिन करते आणि घाबरलेल्या गाईचे ॲड्रिनॅलिन ते काम अडवते. ज्यांना हा धीर नव्हता, ते गाईच्या योनिमार्गात हवा फुंकण्याचा ‘फुंका’ हा अघोरी प्रकार करीत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याने तो गुन्हा ठरवला, हे बरेच झाले.

छावणी, बाजार आणि साथ

दुष्काळात ताणाची सारी कारणे एका ठिकाणी गोळा होतात. मराठवाड्याने 2012-13, त्यानंतर 2014 ते 2016 आणि पुन्हा 2018-19 मध्ये टंचाई अनुभवली. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा जनावरांच्या पाण्याची काय स्थिती असेल, याची कल्पना करता येते. अशा वर्षांत उभ्या राहिलेल्या चारा छावण्यांनी असंख्य जनावरे वाचवली, याबद्दल दुमत नाही. मात्र छावणी हे गाईच्या दृष्टीने परके गाव असते. ओळखीचा गोठा नाही, शेजारी अनोळखी जनावरे, दिवसभर दोरीवर उभे राहणे, एकाच चवीचा उसाचा चारा. अनोळखी जनावरे एकत्र आली की त्यांच्यात आधी मानपानाची उतरंड ठरते, शिंगे भिडतात. उतरंडीत खाली असलेली गाय माजावर असली तरी वरचढ गाईंसमोर तो दाखवत नाही. छावणीतून परतलेल्या गाई पुढील काही महिने रिकाम्या राहिल्या, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही.

बाजारातून आणलेल्या गाईचेही असेच. टेम्पोतील दाटीवाटी, तहान, नवा गोठा, नवी माणसे यांतून गेलेल्या गाईचे पहिले चक्र विस्कटणे स्वाभाविक आहे. ‘विकणाऱ्याने फसवले’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी तिला एक-दोन चक्रांची मुदत देणे शहाणपणाचे.

आजाराचा ताण तर दुहेरी. 2022 मध्ये लम्पी त्वचारोगाची साथ महाराष्ट्रात पसरली आणि जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. तीव्र ताप, पायांवर सूज, अंगभर गाठी अशा अवस्थेतून वाचलेल्या काही गाई गाभडल्या, काही दीर्घकाळ माजावर आल्या नाहीत. दाहाच्या वेळी शरीरात तयार होणारी द्रव्ये कॉर्टिसॉलच्या जोडीने प्रजननाची साखळी दाबतात. साध्या लंगडेपणाचा परिणामही कमी लेखला जातो. खूर दुखत असलेली गाय दुसऱ्या गाईवर उडणार नाही आणि दुसरीचा भारही पेलणार नाही. अशा गाईंत माजाची तीव्रता घटते, असे लिव्हरपूलच्याच अभ्यासकांनी नोंदवले आहे. निसरडी फरशी हीदेखील माजाची शत्रूच. तोच कळप मातीच्या जमिनीवर सोडला की माज अधिक दिसतो.

खलनायक नव्हे

एवढे वाचून कॉर्टिसॉलला खलनायक ठरवण्याचा मोह होईल. पण गाईचे विणे सुरू होते, ते याच संप्रेरकामुळे. न्यूझीलंडमधील ग्रॅहम लिगिन्स यांनी 1960 च्या दशकात मेंढ्यांवर केलेल्या कामातून हे उलगडले. दिवस भरले की गर्भाच्या स्वतःच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडू लागतात. त्याने प्रोजेस्टेरॉनची पकड सुटते, इस्ट्रोजेन वाढते आणि गर्भाशय आकुंचन पावू लागते. जन्माची वेळ एका अर्थी वासरू ठरवते, माता नव्हे. त्याच कॉर्टिसॉलने वासराची फुप्फुसे श्वासासाठी तयार होतात.

याचा एक व्यावहारिक पैलू गोपालकाने लक्षात ठेवावा असा आहे. सूज, ॲलर्जी किंवा धाप यांवर दिले जाणारे डेक्सामेथासोन हे औषध कॉर्टिसॉलच्याच कुळातील. गाय गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात असताना ते टोचले गेल्यास ती वेळेआधी विऊ शकते. म्हणून उपचारासाठी कुणालाही बोलावले तरी ‘गाय इतक्या महिन्यांची गाभण आहे’ हे आधी सांगणे आवश्यक. दुकानातून स्वतःच औषध आणून टोचणे तर टाळावेच.

थोड्या वेळाचा, एखाद्या प्रसंगापुरता ताण गाय सहज पचवते. पोळ्याच्या गर्दीतून फिरून आली म्हणून तिचे चक्र मोडत नाही. त्रास होतो तो पुन्हा पुन्हा येणाऱ्या, टाळता न येणाऱ्या ताणाचा, आणि विशेषतः माजाच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत आलेल्या ताणाचा.

गोठ्यात काय करता येते

उपाय बहुतांशी स्वस्त आहेत, आणि त्यांची उपेक्षाही बहुधा त्यामुळेच होते. दुपारच्या उन्हात झाडाची किंवा उसाच्या पाचटाची दाट सावली पत्र्याच्या छतापेक्षा गार असते. पत्राच असेल तर त्यावर पाचट टाकून ती ओली ठेवावी. पिण्याचे पाणी दिवसभर समोर असावे आणि उन्हाळ्यात वैरण पहाटे व रात्री द्यावी. माज पाहण्यासाठी पहाटे आणि रात्री झोपण्यापूर्वी अर्धा अर्धा तास राखून ठेवणे हा तर बिनखर्ची उपाय. त्या वेळी जनावरे मोकळी सोडता आली तर उत्तम. एकट्या, बांधलेल्या गाईला माज दाखवायला सोबतीणच नसते. मागच्या माजाची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवली की विसाव्या दिवसापासून डोळे उघडे ठेवता येतात. मुक्या माजाच्या गाईत तर ही तारीखच बोलते.

रेतनाच्या वेळी गाईला खोड्यात ओढून, शेपूट पिळून, काठीने बडवून उभे करण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. काही ठिकाणी रेतनानंतर गाईला पाठीवर थापट्या मारत पळवले जाते. शुक्राणूंना पुढे नेणारे गर्भाशयाचे आकुंचन ऑक्सिटोसिनवर चालते आणि भीतीचे ॲड्रिनॅलिन त्याच्या आड येते, हे ध्यानात घेतल्यास या रिती किती उलट्या आहेत ते उमगते. सेवकालाच गोठ्यावर बोलवावे, गाईला घरच्या, ओळखीच्या माणसाने धरावे, नंतर तिला सावलीत स्वस्थ उभे राहू द्यावे. अमेरिकेत ब्राह्मन रक्ताच्या कालवडींना काही आठवडे माणसांच्या नियमित, शांत हाताळणीची सवय लावली असता त्या लवकर वयात आल्याचे आढळले आहे. आपल्याकडे कालवडीला रोज हात फिरवून माणसाळवण्याची पद्धत जुनीच आहे. ती टिकवावी एवढेच.

याउपर गाय माजावर येत नसेल, तर पशुवैद्यकाकडे आधुनिक साधने आहेत. प्रोजेस्टेरॉनयुक्त साधन काही दिवस योनिमार्गात ठेवून काढून घेणे, किंवा जीएनआरएच व प्रोस्टाग्लँडिन यांची इंजेक्शने ठरावीक दिवशी देऊन माज न पाहताच नेमक्या वेळी रेतन करणे, या पद्धती आता रुळल्या आहेत. मुक्या माजावर त्या विशेष उपयोगी पडतात. मात्र हाडाचा सापळा झालेल्या, उन्हात उभ्या असलेल्या गाईला इंजेक्शन देऊन फारसे काही हाती लागत नाही. आधी तिच्या अंगावर थोडे मांस चढावे लागते. आणि प्रोस्टाग्लँडिन देण्यापूर्वी गाय गाभण नाही याची खात्री हात घालून करून घ्यावीच लागते, अन्यथा तेच औषध तिला गाभडवते. मुक्या माजात कधी तरी मोकाट वळूने गाय फळवलेली असते आणि मालकाला त्याची वार्ता नसते. वांझ म्हणून बाजाराच्या वाटेला लागलेल्या गाईचीही हीच तपासणी आधी करावी. विकायला काढलेली गाय तीन महिन्यांची गाभण निघाल्याचा अनुभव पशुवैद्यकांना नवा नाही.